हेलेनाबाईंचं शिलाई मशीन

पाडव्यापासून रामनवमीपर्यंत आमच्या काळाचौकीच्या राममंदिरात नऊ दिवस कीर्तन असतं, आणि ते नऊ दिवस कीर्तनकार गणपतबुवांचा संध्याकाळचा चहा माझ्याकडे. अकरा वर्षं झाली. बुवा अँटॉप हिलहून येतात, मुलाच्या सरकारी क्वार्टरमधून. सोबत पेटीवाले धोंडू. साडेपाचला दोघं माझ्या खोलीत टेकतात, मी गवती चहा घालून बिनदुधाचा चहा करते, गळ्याला बरा. सहाला ते देवळात, मागोमाग मी. एरवी वर्षभर माझ्याकडे घडीच्या खुर्च्या भिंतीलाच टेकलेल्या असतात.

मी टेलिफोन खात्यात होते, चौकशीला. लोक नाव सांगायचे, मी नंबर सांगायचे. एकतीस वर्षं. एक आकडा चुकला की भलत्याच घरात घंटी वाजते आणि ज्याला गरज आहे तो ताटकळत राहतो, हे अंगात भिनलेलं. स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा भाची आकांक्षा बंगळूरला ऑस्कवेलमध्ये लागली होती. ऑस्कवेल म्हणजे युरोपातली मोठी कंपनी, सॉफ्टवेअर करणारी, तीस देशांत पसरलेली. पोरगी कुठे काम करते ते तरी कळू दे, म्हणून इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात ऑस्कवेलचं पान उघडलं. हा ज्ञानकोश कुणीही लिहावा, कुणीही सुधारावा असा. पानावर चार ओळी होत्या, त्यातल्या तीन चुकलेल्या. मुख्यालयाचं गावसुद्धा भलतंच. मी ते दुरुस्त केलं, आणि तेव्हापासून रोज सकाळी देवपूजा झाली की ते पान बघते. कुणी जाहिरात घुसडली तर काढायची, कुणी शिव्या लिहिल्या तर त्याही काढायच्या, दर तीन महिन्यांनी आकडे बदलायचे.

तिथला एक नियम मला फार पटलेला. छापून आलेलं दाखवता येईल तेच लिहायचं. आपल्याला आतून माहीत आहे म्हणून लिहायचं नाही. कंपनीने नऊ हजार माणसं कमी केली तेव्हा त्यात आकांक्षा होती. तिचा रडत फोन आला मंगळवारी. पानावरचा आकडा मी उतरवला शुक्रवारी, बातमी आल्यावर. आता ती दुसरीकडे आहे, फोन कमी येतात. पान मात्र माझ्याच्याने सुटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी चहा पिताना मी बुवांना सहज सांगितलं होतं, की ऑस्कवेल काढणाऱ्या टॉमसची आई हेलेना, ही लोकांचे पडदे शिवून द्यायची. एवढंच. त्याच संध्याकाळी बुवांनी उत्तररंगात, म्हणजे कीर्तनाच्या कथेच्या भागात, मातृप्रेमाचा दृष्टांत म्हणून ते घेतलं. आईने एकुलतं एक शिलाई मशीन विकलं, त्या पैशांतून मुलाला पहिला कॉम्प्युटर आणला, आणि नंतर आयुष्यभर हाताने टाके घातले. बुवांनी उपरण्याच्या टोकाला हवेतल्या हवेत टाके घालून दाखवले. सगळं देऊळ रडलं. मीही रडले, मशीन विकल्याचं कुठेही आलेलं नाही हे माहीत असून.

पुढे एका साप्ताहिकात त्या कीर्तनाची बातमी आली. कुणीतरी ती वाचून ऑस्कवेलच्या पानावर ओळ घातली: ‘कीर्तनकार गणपतबुवा सांगतात की संस्थापकाच्या आईने शिलाई मशीन विकून त्याला संगणक घेऊन दिला.’ खाली संदर्भ म्हणून ते साप्ताहिक. मला ती त्याच सकाळी दिसली. काढायला हवी होती. मी काय केलं, तर तिच्यातली शुद्धलेखनाची चूक नीट केली आणि राहू दिली. चाळीस वर्षं कीर्तन करणाऱ्या माणसाचं नाव इंटरनेटवर आणखी कुठेच नव्हतं हो.

बुवांनी त्या पानाची प्रत काढून प्लास्टिकमध्ये घालून घेतली. चिपळ्यांच्या पिशवीतच ती असते. धोंडू चिडवायचे, "बुवा गेले इंटरनेटात, आम्ही अजून पेटीचा भाताच मारतोय."

यंदा पाडव्याच्या आधी तीन दिवस हेलेनाबाईंची मुलाखत आली. शहाऐंशी वर्षांच्या आहेत. खिडकीपाशी बसलेल्या, पुढ्यात काळं मशीन. "हे मी विकलं म्हणून लोक सांगतात," त्या म्हणतात, "कुठून आलं कुणास ठाऊक. माझं लग्नातलं मशीन आहे. मी अजून यावर शिवते. विकायची वेळ आली नाही, आणि आली असती तरी विकलं नसतं." मी तो फोटो पुष्कळ वेळ बघत बसले. परक्या मुलखातली म्हातारी, एकटीच खोलीत. तिचं मशीन आम्ही काळाचौकीत बसून विकून टाकलं होतं.

पहिल्या दिवशी चहा दिल्यावर बुवांना सगळं सांगितलं. फोटोही दाखवला.

"छान आहे की बाई," बुवा म्हणाले. "मग?"

"मग ती ओळ काढावी लागेल, बुवा."

त्यांनी बशी खाली ठेवली. "म्हणजे माझं नाव?"

"ओळीतच आहे ते. ओळीबरोबर जाईल."

"मीराताई, मी खोटं बोललो का? कीर्तनात श्रोत्याच्या काळजापर्यंत जायचं असतं. आईचं मन मी खोटं सांगितलं का?"

"नाही बुवा. कीर्तनात ते खरंच वाटतं. मीच पहिली रडते. पण तिथे कुणी रडायला येत नाही, माहिती बघायला येतात."

"ती बाई मराठी वाचणारेय?"

"नाही."

"टॉमस वाचणारेय?"

"नाही."

"मग कुणाचं काय बिघडलंय?"

 चौकशीला बसायचे तेव्हा चुकीचा नंबर कुणाला लागला ते मलाही कधी कळलं नाही, एवढंच मी म्हणाले. धोंडू मध्ये पडले, "मीराबाय, कोपऱ्यात बारीक अक्षरात ऱ्हवांदे ना. कोणाच्या पायात येता?" बुवांनी हाताने त्यांना गप्प केलं, उपरणं खांद्यावर टाकलं आणि निघाले. चहा अर्धा तसाच.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी, देवापुढे दिवा लावून, ती ओळ काढली. कारण लिहायच्या जागी लिहिलं: ‘हेलेनाबाईंनी मशीन विकलेलं नाही. त्यांची मुलाखत जोडली आहे.’

संध्याकाळी साडेपाचला धोंडू एकटेच आले, दाराबाहेरच उभे. "बुवांचा घसा बसलाहा. देवळातच गरम पाणी घेतत." घसा बसलेला नव्हता, नमनाचा षड्ज देवळाबाहेर चपलांपर्यंत ऐकू आला. तिसऱ्या दिवशीही कुणी आलं नाही. मी तरी साडेपाचला आधण ठेवायची, मग एकटीपुरतं पाणी ठेवून बाकीचं ओतून द्यायची.

देवळात गंगुबाई माझ्या शेजारी बसते, गेली कितीतरी वर्षं. चौथ्या दिवशी तिने आपलं आसन उचलून खांबापलीकडे नेलं. मध्यंतरात बुक्का लावताना म्हणाली, "मीरा, तुका दुसरा काय काम नाय काय गो? त्या म्हाताऱ्याचा नाव पुसलंस ता?"

"पुसलं नाही गंगुबाई, ते—"

"गप ऱ्हव. आता बुवा उभे ऱ्हवतले."

सातव्या दिवशी उत्तररंगात बुवांनी तीच गोष्ट घेतली. मला वाटलं, मला डिवचायला. पण तसं नव्हतं. बुवा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. त्यांनी मशीन दारातून बाहेर जाताना दाखवलं, मागे जमिनीवर उरलेले चार पायांचे डाग दाखवले. हे डाग पूर्वी नव्हते, या वर्षी नवीन. आई रोज त्या डागांवर बसून हाताने शिवते, म्हणजे लेकराला जागा रिकामी वाटू नये. मी पदर तोंडाशी धरला. खांबापलीकडे गंगुबाईही हुंदके देत होती. माझ्याकडे तिने एकदा बघितलं, आणि मी रडतेय हे बघून तिला रागच आला असावा, तिने मान फिरवली.

आठव्या दिवशी सकाळी पान उघडलं तर ओळ परत आलेली. कुणीतरी नाव न देता घातलेली. कारणाच्या जागी ‘बुवांचा अपमान सहन करणार नाही’. आदल्या संध्याकाळी देवळात होते त्यांच्यापैकीच कुणी. शंभर माणसं आली होती, त्यातलं कोण म्हणून शोधायचं? त्या पानाला जोडलेल्या चर्चापानावर मी लिहिलं, की मीही त्या कीर्तनात होते, मलाही रडू आलं, आणि तरी मशीन घरीच आहे. मग ओळ पुन्हा काढली. त्या दिवशी दोनदा परत आली, दोनदा काढली. नंतर आली नाही.

नवमीला दुपारी बाराला जन्म झाला, पाळणा हलला. मी रांगेतून बुवांच्या पायाशी आले. त्यांनी माझ्या कपाळावर बुक्का लावला, नेहमीसारखाच, नीट मध्यभागी.

"गेली का?" हळूच विचारलं.

"गेली, बुवा."

"मी मात्र सांगणार पुढच्या वर्षीही."

"सांगा ना. ते डाग फार सुंदर होते."

 बुवांच्या डोळ्यांत एकदम कलावंताचं सुख आलं, आणि तेवढ्यात ते आवरलंही. "ते मलाच उभ्याउभ्या सुचले," म्हणाले. मग पिशवी जवळ ओढली. "पुढच्या वर्षीपासून आमचं चहापाण्याचं ट्रस्टींकडे ठरलंय, ताई. तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला," मी म्हणाले. पण मागच्या बाईने तोवर वाकायला सुरुवात केली होती, आणि मला बाजूला सरावं लागलं.