वाऱ्याच्या दिव्याखाली

सायखेड्याच्या वाचनालयात सूर्य आणि वारा दोघंही राबत होते, पण वाटण्या वेगळ्या होत्या. छपरावरच्या सोलर पॅनलची वीज वरच्या अभ्यासिकेतल्या मुलांना. छोट्या पवनचक्कीची वीज खाली, वर्तमानपत्रांच्या लांब टेबलावर लोंबणाऱ्या एकाच दिव्याला. मध्ये बॅटरी नव्हती. गोदावरीवरून वारा आला की दिवा फुलायचा. वारा पडला की विरत विरत नारिंगी ठिपका उरायचा.

ही जोडणी चिंतामण मास्तरांची. शेवटच्या आजारपणात ते नाशिकला मुलीकडे होते; माघात गेले. त्यांची पुस्तकं द्यायला नाशिकहून आलेल्या आभाला, त्यांच्या मुलीला, तो दिवा पाहून वाटलं, बाबांचं एवढं एक काम अर्धवट राहिलं. तिनं वायरमन संतोषकडून पवनचक्की बॅटरीला जोडून घेतली. दिवा शांत झाला, दुधासारखा पांढरा. ती समाधानानं परत गेली.

चैत्रात पुन्हा आली, तर संध्याकाळी टेबलाशी रोजच्या मंडळींपैकी फक्त म्हातारी सुलाबाई आणि सहादू.

"बाकीचे?"

"येत नाय कोणी," सहादू म्हणाला. "तुमचा दिवा लय शहाणा झालाय."

मास्तर रोज संध्याकाळी मोठ्यानं पेपर वाचायचे, ज्यांना दिसत नाही आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. दिवा मंदावला की वाक्य तिथंच सोडायचं, अशी रीत पडली होती. त्या अंधारात माणसं बोलायची. आधी पुढाऱ्यांची टिंगल, मग हळूहळू घरातलं, उजेडात तोंडावर न येणारं. वारा उठला की मास्तर पुढचा शब्द उचलायचे.

"आता वाचणारा थांबतच नाय," सुलाबाई म्हणाली. "दोन महिने झाले, सुनेला नावं ठेवायला जागाच नाय मिळाली मला!"

आभा हसली नाही. नाशिकच्या घरातल्या बाबांच्या खोलीला तिनं अजून हात लावला नव्हता. इथली त्यांची जागा, हे टेबल, मात्र स्वतः आवरून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी बॅटरीची जोडणी काढायला शिडीवर चढताना संतोष कुरकुरला, "ताई, चांगली चाललेली लाइट बिघडवायला मला पहिल्यांदाच कुणी बोलावलंय."

संध्याकाळी टेबल भरलं. आभानं पेपर उघडला. नदीवरून वारा येत होता; अक्षरं पाण्यातल्यासारखी उजळत, बुडत होती. "धरणातून शेतीसाठी आवर्तन सोडण्याचा निर्णय उद्या..." एवढ्यात वारा पडला. ती थांबली. या अंधारात ती कधी बसली नव्हती. शाईचा, तंबाखूचा, ओल्या काठाचा वास आला. कुणाचीच थट्टा सुरू होईना.

"आभे," सुलाबाईनं विचारलं, "मास्तर जाताना काय बोलले गं?"

नाशिकला सगळ्यांनी दवाखान्याचं, डॉक्टरांचं नाव विचारलं होतं. हे कुणी नाही.

"ओळखलं नाही त्यांनी मला," आभा म्हणाली. "तुम्ही कुणाच्या, म्हणाले."

"तुला 'तुम्ही' म्हणाले?"

"हो."

"मग? तू काय सांगितलं?"

"सायखेड्याच्या मास्तरांची."

टेबलाच्या टोकाशी कुणीतरी नाक ओढलं.

"त्यावर काय म्हणाले?" हा सहादू.

"म्हणाले, चांगला माणूस आहे. जरा हट्टी."

अंधारात एकजण फसकन हसला, मग दुसरा, मग आभाही. आणि हसता हसताच तिला हुंदका फुटला. सुलाबाईचा खरखरीत हात तिच्या मनगटावर आला आणि तिथंच राहिला.

छपरावर पाती फिरू लागली. दिवा भरून आला. आवर्तनाचं वाक्य तिच्या बोटाखाली स्वच्छ दिसत होतं. वाच, असं कुणी म्हणालं नाही.