त्याच बोटाची दोन उत्तरं

लालबागच्या त्या चाळीतलं मंडळाचं सभागृह गणपतीच्या मीटिंगलाही इतकं भरत नसे. दारात चपलांचा ढीग पडला होता, कारण आधीच बजावलं होतं, यंत्र सात्त्विक आहे, पादत्राणं बाहेर काढा. आत टेबलावर लाल मखमल, तिच्यावर लॅपटॉप आणि त्याला तारेनं जोडलेली काचेची डबी. मुलानं डबीवर बोट ठेवलं की खालून निळा उजेड यायचा. भिंतीवर भलामोठा मेंदू उमटायचा, त्याचा एकेक कप्पा पेटायचा आणि बाईच्या गोड आवाजात यंत्र त्या मुलाचं भविष्य सांगायचं.

"विधात्यानं तुमच्या लेकराच्या बोटावर कोड लिहून पाठवलाय, ताई," विनीत सर म्हणत होते. त्यांच्या अंगात कोट होता आणि गळ्यात रुद्राक्ष. "क्वांटम कोड. आम्ही कोण? आम्ही फक्त स्कॅन करणारे." क्वांटम हा शब्द ते भेळेवर शेव भुरभुरावी तसा प्रत्येक वाक्यावर भुरभुरत होते. आया हात जोडत होत्या. कुणी डबीला हळदकुंकूही लावलं होतं.

सरोजिनीबाई मागच्या खुर्चीवर बसून हे बघत होत्या. याच वस्तीतल्या मराठी शाळेत त्यांनी आयुष्यभर मुलांना संगणक शिकवला होता. शाळेत पहिला संगणक आला तेव्हा तो एकच होता आणि मुलं वर्गभर. मग बाईंनी व्हरांड्यात खडूनं मोठा कीबोर्ड काढला आणि मुलं अक्षरांवर उड्या मारत आपापली नावं लिहू लागली. कधी एका मुलाला संगणक करायचं आणि बाकीच्यांनी त्याला हुकूम द्यायचे. 'चाल' म्हटलं की त्यानं चालायचं, समोर भिंत आली तरी. कपाळ आपटलं की वर्ग हसायचा आणि बाई विचारायच्या, चूक कुणाची? हुकूम देणाऱ्याची, असं सगळी एका सुरात ओरडायची. त्या खेळात बकुळा सर्वांत हौशी होती. मुद्दाम भिंतीवर जाऊन आदळायची आणि खदखदून हसायची.

आता बकुळा चाळीत डब्यांचा व्यवसाय करते. तिची स्पृहा आठवीत आहे. निवृत्तीनंतरही बाई शाळेत संगणकाचा तास घ्यायला जात, आणि गेल्या वर्षी स्पृहानं तिथे आपल्या मनानं आईसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. कुणाचा सोमवार, कुणाचा मंगळवार, कुणाला चतुर्थीला मासळी चालत नाही, कुणाला कांदा नको. सकाळी वार घातला की कुठल्या डब्यात काय भरायचं ते पडद्यावर येई. एकदा मंगळवारी चतुर्थी आली आणि एकाच माणसाला दोन डबे निघाले. पोरगी मधल्या सुट्टीत डबा न खाता ती चूक शोधत बसली. सापडल्यावर तिनं बाईंकडे असं बघितलं, की इतक्या वर्षांच्या नोकरीचं सार्थक झाल्यासारखं बाईंना वाटलं.

जूनमध्ये विनीत सरांचं पहिलं शिबिर झालं. यंत्र म्हणालं, स्पृहात संगणकीय तर्क चौदा टक्के. तिचा धाकटा भाऊ मयूर, ज्याला लॅपटॉप फक्त क्रिकेटच्या गेमसाठी हवा असे, त्याच्यात अठ्ठ्याऐंशी. लॅपटॉप मयूरच्या टेबलावर गेला आणि स्पृहाचं नाव शिवणाच्या क्लासात. बाई समजवायला गेल्या तेव्हा बकुळा हळू आवाजात म्हणाली, "बाई, तुम्ही मायेनं बोलता. सगळ्याच पोरांना हुशार म्हणता. यंत्राला आम्ही कोण लागतो? ते कशाला खोटं बोलेल?"

बाई निघाल्या तशी दाराशी बसलेल्या बकुळाच्या सासऱ्यांनी, गुणाजींनी, त्यांना थांबवलं. मिलमध्ये सूत हाताळून त्यांच्या बोटांवरच्या रेषा पार झिजून गेल्या होत्या.

"बाईनू, रेशनच्या दुकानात माझो आंगठो मशीन घेणा नाय," ते म्हणाले. "हय गंमत म्हणून बोट लावलंय, तर लगेच वाचल्यान. काय वाचल्यान असात?"

त्या प्रश्नापायीच बाई आज दुसऱ्या शिबिराला सभागृहात येऊन बसल्या होत्या. विनीत सरांनी सवयीनं पुकारलं, कुणाला शंका असेल त्यानं पुढे यावं. बाई उठल्या.

"या आजी, या. हात लावून बघा, चावत नाही," विनीत सर म्हणाले. सभागृह हसलं.

"माहिती मीच भरते, तुम्ही बोला," बाई म्हणाल्या आणि लॅपटॉपसमोर बसल्या. एवढ्या लोकांसमोर त्यांना नको म्हणायला विनीत सरांना सुचलं नाही.

बाईंनी गुणाजींना बोलावलं. पडद्यावर मात्र नाव घातलं मयूर, वय अकरा, मुलगा. म्हाताऱ्याचं गुळगुळीत बोट काचेवर टेकलं, निळा उजेड आला आणि यंत्र गोड आवाजात म्हणालं, बालकाला संगणक अभियंता करा.

"आता माका खंयच्या कॉलेजात घालतास?" गुणाजींनी विचारलं.

लोक हसले. आजोबांची ऊर्जा बालकासारखी आहे, क्वांटममध्ये वय नसतं, असं काहीतरी विनीत सर सांगू लागले. बाईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. पहिल्या रांगेत आईशेजारी बसलेल्या स्पृहाला त्यांनी जवळ बोलावलं.

"बाळ, चूक शोधताना आपण काय करतो?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलतो," स्पृहा खाली बघत म्हणाली.

तिनं बोट ठेवलं. बाईंनी तिचं नाव, वय भरलं आणि 'मुलगी' निवडलं. यंत्रानं या वेळी तर्क सोळा टक्के सांगितला, बालसंगोपन आणि पाककला सुचवली. बाईंनी तिला बोट तिथंच ठेवायला सांगितलं. नाव तेच, वय तेच. फक्त 'मुलगी'च्या जागी 'मुलगा'.

"बालकाला संगणक अभियंता करा," यंत्र म्हणालं.

विनीत सर हार्मोन्सबद्दल बोलू लागले. बाईंनी डबीची तार उपटली. निळा उजेड विझला. त्यांनी पुन्हा कळ दाबली, आणि बोट नाही, डबी नाही, तरी भिंतीवरचा मेंदू पेटला आणि यंत्रातला गोड आवाज बोलायला लागला.

"डबीत नुसता दिवा आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मुलगा की मुलगी, एवढंच यंत्र बघतं. मग दोन ठरलेल्या याद्यांतली एक काढतं आणि आकडे इकडचे तिकडे करतं. यात विधाता नाही, क्वांटम नाही. पोरीनं स्वयंपाक करावा असं ज्याला वाटलं, त्या माणसानं ते यात लिहून ठेवलंय. यंत्राला स्वतःचं मत नसतं, बकुळा. तू संगणक व्हायचीस तेव्हा तुला हे माहीत होतं."

नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे म्हणत विनीत सरांनी मखमल गुंडाळली. त्यांना काय काय ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

बकुळा रडत घरी गेली, तिच्या मागोमाग स्पृहा आणि बाई. बकुळानं मयूरच्या टेबलावरचा लॅपटॉप उचलून आणला आणि स्पृहाच्या मांडीवर ठेवला. स्पृहानं तो उघडला नाही.

"यंत्र खोटं होतं, कळलं मला," ती म्हणाली. "पण बाई, जूनच्या शिबिरानंतर मी घरी, मयूर नसताना, नवा प्रोग्रॅम लिहून बघितला होता. नाही जमलं. डब्यांचा प्रोग्रॅमपण बिघडला. मग मी तो पुसून टाकला."

"चूक शोधलीस का, बाळ?"

"नाही. मला वाटलं, चूक मीच आहे."

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिनं तो ठेवू दिला, एवढंच.

याला आता बरेच महिने झाले. बकुळा विनवण्या करून थकली. बाई अधूनमधून चाळीत जातात, स्पृहा चहा आणून देते, नीट बोलते, शिवणाचे नमुने दाखवते. संगणकाच्या तासाला ती आली नाही. जबरदस्ती बाईंनी कधी कुणावर केली नव्हती, आताही केली नाही.

विनीत सरांचा फलक हल्ली भायखळ्याला लागलेला दिसतो. डबी नवी आहे, उजेड हिरवा. तुमच्या ओळखीचं कुणी मुलांना घेऊन तिथं निघालं असेल तर त्याला एवढंच विचारायला सांगा, की या यंत्रात माहिती कुणी घातली, आणि एकच गोष्ट बदलली तर उत्तर का बदलतं? आणि यंत्राचं उत्तर मुलांच्या कानांवर पडण्याआधी हे विचारायला सांगा. नंतर खरं सांगून भागतंच असं नाही. सरोजिनीबाईंनी ते भर सभेत सांगितलं होतं, आणि तेव्हा स्पृहा त्यांच्या शेजारीच उभी होती.