न तापणारी कॉइल

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर आधी मोठ्ठा चष्माच समजाल. दोन गोल कड्या एकमेकींना चिकटलेल्या, वर काळं कवच, मागे मूठ आणि मुठीतून निघालेली जाड वायर. पण मी डोळ्यांवर नाही, डोक्यावर ठेवायची वस्तू आहे. मी चुंबकाच्या एका यंत्राची जुनी कॉइल आहे. माझ्या कामात सुई नाही, कापाकापी नाही, टाके नाहीत. माणसाला खुर्चीत निजवायचं, मला त्याच्या टाळूला टेकवायचं आणि बटण दाबायचं. मी टक टक टक करते आणि चुंबकाचा धक्का कवटीतून आत मेंदूपर्यंत जातो.

म्हणजे, जायला हवा. माझा जात नाही. मी खोटी आहे.

कारखान्यात आम्ही दोघी बहिणी एकाच टेबलावर घडलो. थोरलीच्या पोटात तांब्याची जाड तार गुंडाळली. माझ्या पोटात आवाज करणारी एक पातळ पट्टी बसवली आणि वरून तेच कवच लावलं. घडवणाऱ्या कामगारालासुद्धा नंतर आम्ही ओळखू आलो नसतो. त्याने एकीच्या पाठीवर लाल ठिपका लावला, दुसरीच्या पाठीवर हिरवा. हिरवी ती मी.

हे कुणाला फसवण्यासाठी नव्हतं बरं का. आम्हाला एका संशोधनासाठी घडवलं होतं. एक विचित्र आजार असतो. शरीराचे रखवालदारच आपल्या घरावर उलटतात. मेंदू हुकूम देतो, नस तो घेऊन धावते, पण स्नायूच्या दारात तो अडवला जातो. सकाळी माणूस ठीक असतो. दुपारपर्यंत पापण्या खाली येतात, जीभ जड होते, घास गिळवत नाही. थोडं पडून राहिलं की पुन्हा बरं वाटतं. आजार हाताबाहेर गेला तर श्वासाचे स्नायूही थकतात. त्यावर गोळ्या आहेत. गोळ्यांच्या जोडीला चुंबकाचे धक्के दिले तर थकवा कमी होतो का, एवढंच त्या संशोधकांना पाहायचं होतं. म्हणून काही रुग्णांना थोरली मिळायची आणि काहींना मी, म्हणजे गुण खरा की नुसता मनाचा ते कळेल. कोणती खरी हे फक्त संशोधन चालवणाऱ्या मोठ्या बाईंना ठाऊक होतं. रुग्णांनी गोळ्या घेतल्या का, हेही त्या रोज स्वतः विचारायच्या. तिथे माझ्या खोटेपणालाही मान होता.

संशोधन संपलं. बाई दुसरीकडे नोकरीला गेल्या आणि आमचं यंत्र एका खासगी दवाखान्याने विकत घेतलं. यंत्राबरोबर आम्ही दोघी गेलो, पायाने दाबायचं बटण गेलं, खुर्चीही गेली. लाल म्हणजे काय आणि हिरवी म्हणजे काय, हे मात्र कुणी विचारलंच नाही.

दवाखाना पहिल्या मजल्यावर होता. खाली चपलांचं दुकान, वर लांबट खोली, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. यंत्र चालवणाऱ्याला सगळे मशीनवाले दादा म्हणत. मऊ हाताचा, हसरा माणूस. सुरुवातीला त्याने थोरलीलाच कामाला जुंपलं. पण खऱ्याचे नखरे फार. ती तापायची, मग तिला निवू द्यावं लागायचं. रुग्णांच्या टाळूला चिमटे बसायचे, त्यांचं डोकं दुखायचं. बाहेर बाकावर लोक खोळंबायचे. एके दिवशी दादाने मला जोडलं.

“डॉक्टर, ही हिरवी बघा! सकाळपासून चालवतोय, गारच्या गार!”

“मग हीच ठेव,” डॉक्टर म्हणाले. “लालला कपाटात टाक.”

थोरली कपाटात गेली आणि मी मखरात बसले. काही न करणाऱ्याला फार जपतात, मित्रांनो. दादा मला रोज मऊ फडक्याने पुसायचा.

एक अडचण होती. कॉइल योग्य जागी ठेवली की माणसाचा अंगठा आपोआप उडतो. त्यावरून धक्का किती द्यायचा ते ठरतं. थोरलीच्या वेळी अंगठे टुणकन उडायचे. माझ्या वेळी एकही हलेना. दादाने डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर क्षणभरही थांबले नाहीत.

“अरे, या आजारात स्नायूच थकलेले असतात. अंगठा हलणार कुठून?”

उत्तर इतकं शहाणपणाचं होतं की दादाने पुन्हा विचारलं नाही.

मग घड्याळवाल्या ताई आल्या. त्या घड्याळं दुरुस्त करायच्या. त्यांच्या वडिलांचं दुकान त्या एकट्या चालवत होत्या. डोळ्याला भिंग लावून, चिमट्याने केसाएवढी स्प्रिंग उचलण्याचं ते काम. आजाराने त्यांची पापणी पडायची आणि भिंग टेबलावर टपकायचं. गोळ्यांनी पापणी सावरली, श्वास सावरला, पण चेहरा सुजला आणि हाताला कंप सुटला. कापऱ्या हाताने घड्याळ उघडता येत नाही. दुकानाला कुलूप लागलं होतं. ताईंना फक्त हात परत हवा होता.

त्यांच्याबरोबर मावशी यायची. ताईंची आई लहानपणीच गेली, तेव्हापासून मावशीनेच त्यांना वाढवलं होतं. बोलायला तिखट, जीव टाकणारी बाई.

“आमची पोरगी चंद्रासारखी होती हो,” ती दादाला सांगायची, “आता पौर्णिमेच्या चंद्रासारखी झालीय. या मेल्या गोळ्यांनी!”

ताई हसायच्या. हसल्यावर त्यांचा एक गाल वर जायचा आणि दुसरा जागच्या जागी राहायचा.

डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं, “हे गोळ्यांच्या जोडीला आहे. गोळ्यांऐवजी नाही.” वाक्य अगदी बरोबर होतं. पण त्यांचा हात तोवर दाराच्या कडीवर होता आणि ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी उच्चारलं नाही.

ताई दुपारी यायच्या, जिने चढून दमलेल्या, पापण्या मिटलेल्या. दादा खुर्ची मागे करायचा, दिवा मंद करायचा, मी टक टक सुरू करायचे. त्या शांत पडून राहायच्या. उठायच्या तेव्हा डोळे टक्क उघडे! खुर्चीतली विश्रांती त्यांच्या पापण्या उघडत होती. कुठल्याही बाकावर पडल्या असत्या तरी त्यांना तेवढंच बरं वाटलं असतं. पण नाव माझं झालं. मावशीने दोन्ही हातांनी माझी दृष्ट काढली. ताईंनी माझ्या कवचावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “किती गुणी आहेस गं तू.” मला आनंद झाला, हे लपवत नाही. बोलता येत नसलेल्या वस्तूला कौतुक नाकारता येत नाही.

मग ताईंनी हळूच गोळ्या कमी केल्या. मावशीला माहीत होतं. दवाखान्यात दोघींपैकी कुणी बोललं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. गोळ्या कमी होताच कंप थांबला. एका दुपारी ताईंनी भिंतीवरचं बंद घड्याळ काढून मांडीवर घेतलं, पर्समधून चिमटा काढला आणि बघता बघता चालू केलं. दादाने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “बघा, मशीनचा गुण!” मावशी रडली. दुकानाचं कुलूप निघालं. ताईंनी गोळ्या पुरत्या सोडल्या.

थोड्याच दिवसांत एका दुपारी त्या आल्या तेव्हा हनुवटीला हाताचा टेकू होता. आवाज नाकातून येत होता. मावशीने पाणी दिलं तर ते नाकातून बाहेर आलं.

“दुकानात फार राबलीस,” मावशी म्हणाली. “दादा, आज जरा जास्त वेळ द्या हो तिला.”

“देतो ना! ताईंसाठी काय पण!” दादाने खुर्ची पार आडवी केली. आडवं पडल्यावर ताईंचा श्वास आणखी कमी झाला. त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण मानेत बळ नव्हतं. ओरडायला गेल्या, तर जीभ उचलेना. त्यांनी डोळे मिटले नव्हते, फक्त पापण्या पडल्या होत्या. दादाला वाटलं, त्या निवांत झाल्यात. त्याने माझं टेकवणं नीट केलं. मी टक टक करत होते. माझ्याइतकं जवळ तिथे कुणी नव्हतं. छाती उचलेनाशी झालेली मला कळत होती आणि मला एकच शब्द येत होता. टक.

शेवटी ताईंनी उरलंसुरलं बळ हातात आणलं. हात उचलला गेला नाही. फक्त अंगठा उचलला. एकदा. पुन्हा एकदा.

“हलला!” दादा आनंदाने ओरडला. “मावशी, अंगठा हलला! डॉक्टर, या लवकर, अंगठा हलला!”

मावशीने देवाला हात जोडले. डॉक्टर हसत आत आले. त्यांनी ताईंचे निळे पडलेले ओठ पाहिले आणि त्यांचं हसू मावळलं. मग धावपळ झाली, माझी वायर कुणाच्या तरी पायात अडकून मी जमिनीवर पडले. तिथून मला फक्त मावशीच्या चपला दिसत होत्या. त्या हलत नव्हत्या. ताईंना जिन्यावरून खाली नेलं, त्या परत आल्या नाहीत.

मावशी नंतर एकदा आली. भांडायला नाही. ताईंचा चिमटा खुर्चीखाली राहिला होता, तो न्यायला. जाताना तिने मला नमस्कार केला. म्हणाली, “हिने शेवटपर्यंत केलं हो. आमचंच नशीब फुटकं.”

मित्रांनो, आम्ही वस्तू आपली कहाणी सांगतो तेव्हा शेवटी म्हणतो, आम्हाला जपा, फेकून देऊ नका. माझं मागणं उलटं आहे. मला फेका. त्याआधी माझी वायर कापा, म्हणजे मला कुणी उचलून पुन्हा जोडणार नाही. आणि तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल तर नव्या उपचाराला जरूर न्या, पण त्यांच्या गोळ्यांची चौकशी रोज करा. रोज.

पण माझं ऐकणार कोण? मी अजून गारच आहे. ताईंनी चालू केलेलं घड्याळ भिंतीवर अचूक चालतं आणि बाहेरचं बाक भरलेलं असतं. आता खुर्चीत एक नवे गृहस्थ पडले आहेत, घाबरलेले, खिशात गोळ्यांची डबी घट्ट धरून. दादा त्यांच्या टाळूवर मला टेकवतो आहे आणि धीर देतो आहे.

“काही घाबरू नका, काका. आमच्याकडे एक ताई यायच्या. शेवटी शेवटी त्यांचा अंगठासुद्धा हलला होता.”

काकांचा हात डबीवरून सैल होतो. दादा बटण दाबतो.

टक.