पट्टीची सकाळ

बाजारात सगळे त्याला वायंडर म्हणत. विजेच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, करपलेली तार उपसायची आणि नवी तार वेढ्यावर वेढा देत भरायची, यात त्याची हयात गेली होती.

सात वर्षांपूर्वी बायकोचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. कॅन्सर गेला, पण हातातलं पाणी वर सरकायची वाटच बंद झाली. वर्षभरात उजवा हात सुजून खांबासारखा झाला. दवाखान्यातल्या बाईंनी पट्टी बांधायला शिकवलं. बोटांपासून काखेपर्यंत, खाली घट्ट, वर सैल. एका हाताने बायकोला ते जमेना.

"गुंडाळायचंच आहे ना? मग ते माझ्याकडे लागलं," वायंडर म्हणाला.

तेव्हापासून रोज चहा झाला की खिडकीपाशी दोघं समोरासमोर बसत. पाऊण तास. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण इतकं बोलणं त्यांच्यात कधी झालंच नव्हतं. ती नणंदेपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांची खबर घ्यायची, तो हूं हूं करत वेढे द्यायचा.

"घट्ट होतेय का गं?"

"विचारता कमी आणि आवळता जास्त!"

तरी सूज हटेना. त्यात हात लालभडक होऊन सणसणून ताप यायचा. तिसऱ्यांदा दवाखान्यात ठेवावं लागलं, तेव्हा मुलीने ठाम सांगितलं, "बाबा, आता पट्टीने भागणार नाही. ऑपरेशनचं बघू."

सर्जन मुलीच्याच वयाची होती. तिने बोटांच्या बेचक्यांत औषध टोचलं आणि पडद्यावर हातातल्या बारीक नळ्या हिरव्या चमकल्या. कोपराच्या वर सगळा अंधार.

"या नळ्या अजून चालू आहेत," सर्जन म्हणाली. "त्या शेजारच्या शिरांना जोडून द्यायच्या. पाणी रक्तात जाईल. सूज पूर्ण जाईल असं मात्र मी म्हणणार नाही."

"जोड कशाने देता?"

तिने भिंगाखाली दोरा दाखवला. वायंडरने चष्मा वर केला, खाली केला. "पोरी, आयुष्यभर केसासारखी तार हाताळली मी. हा तर मला दिसतसुद्धा नाही!"

ऑपरेशन सहा तास चाललं. फक्त हातच बधिर केला होता. बाहेर येऊन सर्जन हसत म्हणाली, "चार जोड दिलेत. आणि काका, काकूंनी आम्हाला जराही कंटाळू दिलं नाही. तुमच्या घरातलं सगळं कळलं." वायंडरही हसला, पण आपल्या सकाळच्या गप्पा कुणीतरी परस्पर वाटून टाकल्यासारखं त्याला उगीच वाटलं.

पुढे पट्टी चालूच होती. पण दर महिन्याला हाताभोवती मापाची टेप थोडी आत येत गेली. ताप फिरकला नाही. दहाव्या महिन्यात सर्जन म्हणाली, "पट्टी बंद. आता दिवसा हातावर नुसता घट्ट मोजा घालायचा." तो मोजा बायको स्वतःच मिनिटभरात चढवायची.

वायंडरला आनंद झाला, अगदी मनापासून. तरी सकाळी चहा संपला की हातांचं काय करावं ते त्याला सुचेना. तो दुकानात लवकर जायला लागला.

चौथ्या दिवशी बायको दुकानात येऊन उभी राहिली.

"रोज सकाळी पळता कुठे?"

"कामं साचलीत."

"खोटं बोलू नका."

त्याने समोरच्या मोटारीकडे बघतच म्हटलं, "आता तुला माझं काय काम उरलंय?"

ती स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली.

"एवढी वर्षं माझा हात धरलात, तो काय सुजला होता म्हणून?"

तिने मोजा उतरवला आणि हात पुढे केला. थोडा जाड, पण तिचाच. मनगटाचं हाड पुन्हा दिसायला लागलं होतं.

"धरा. आता नुसताच."

"माझे हात काळे आहेत गं, ग्रीसने."

"धुता येतात," ती म्हणाली. हात तिने मागे घेतला नाही.

वायंडर घाईघाईने नळाकडे गेला.