मानेतली नस धरणारा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना चिमटा आहे आणि नस आवळणं हे माझं काम आहे. मेंदूला रक्त नेणारी मानेतली नस आतून चरबी साचून अरुंद झाली, की डॉक्टर मान उघडतात, नस माझ्या दातांत देतात आणि आतला थर खरवडून काढतात. लालभडक पोलादावर घाव घालून मला घडवलं, तेव्हापासून माझी गाठ रक्ताशीच.

मग जाळीच्या नळ्या आल्या. मांडीतून तार सरकवायची, अरुंद जागी जाळी फुलवायची, मानेवर काप नाही. मी महिनोन्‌महिने नुसता पडून राहू लागलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

एके दिवशी चौऱ्याहत्तर वर्षांचा लोहार आला. मानेतल्या अरुंद नसेमुळे दोनदा त्याचा हात लुळा पडून हातोडा सुटला होता आणि दहा मिनिटांत हात पूर्ववत झाला होता.

“जाळीनं नाही का भागणार?” त्याच्या मुलीनं ऑपरेशनच्या खोलीच्या दारातच विचारलं.

“जाळी वाईट नाही,” डॉक्टर म्हणाले. “हृदय कमजोर असतं तर मीच ती सुचवली असती. पण या वयात तार फिरवताना एखादा कण सुटून मेंदूत जायची भीती जास्त.”

“कापा,” लोहार म्हणाला. “गंज खरवडण्यात जन्म गेलाय माझा.”

नस साफ झाली. मला धुऊन वाफेत तापवलं. संध्याकाळी त्याच लोहाराला खाटेसकट धावत परत आणलं. आतला टाका उसवला होता. मान भोपळ्यासारखी फुगली होती, श्वास कोंडून ओठ निळे पडले होते. डॉक्टरांनी वरचे टाके कापले, तशा रक्ताच्या गुठळ्या भदाभद जमिनीवर पडल्या. मागोमाग उडालेली चिळकांडी त्यांच्या चष्म्यावर आदळली. त्यांनी नस बोटानं दाबली आणि मला आत घुसवलं. मी कडकडून चावलो. रक्त थांबलं. फाटलेली जागा शिवून होईपर्यंत मी दात सोडले नाहीत.

लोहार वाचला. आवाज घोगरा झाला, पण दोन्ही हात हलत होते.

लोहाराच्या खाटेसोबत धावत आलेली वॉर्डातली नर्स मला धुऊ लागली. “मुलगी म्हणत होती, बाबांची मान फुगतेय,” ती सोबतिणीला सांगू लागली. “मी म्हणाले, थोडी सूज असतेच. ती जागची हलली नाही. म्हणाली, ‘ताई, डॉक्टरांना बोलावल्याशिवाय मी इथून जाणार नाही.’”

मित्रांनो, कापावं की जाळी घालावी, ते डॉक्टर ठरवतील. पण उशाशी बसलेलं माणूस काही सांगत असेल, तर हातातलं काम ठेवून आधी त्याचं ऐका. माझे दात त्यानंतरच कामाला येतात.