चौथं कार्ड

२०२३ च्या मार्चमध्ये श्रीपाद सर एल अक्षरापर्यंत पोचले, आणि त्याच सकाळी वनमालाबाईंनी डब्यातलं एक कार्ड काढून पोलक्यात खोचलं.

सरांनी रायपुरात छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एकेका इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ आणि त्याचं मूळ ते कार्डांवर उतरवून ठेवत. एका अर्थाला एक कार्ड, खाली एक वाक्य. नियम एकच, वाक्य कुणाच्या तरी तोंडून खरोखर निघालेलं हवं. बोलणाऱ्याचं नाव, जागा, तारीख, सगळं लागे. सर सांगत, वनमालाबाई लिहीत. इंग्रजी त्या लिहिता लिहिताच शिकल्या.

नऊ वर्षांपूर्वी ‘लास्ट’ शब्द हातात होता. संध्याकाळी सरांनी मुलीला, ईराला फोन लावला. ती नवा रायपुरातल्या ऑफिसातून बस पकडायला निघाली होती. “एक वाक्य दे, मग जा,” म्हणत सरांनी तिला वीस मिनिटं बोलण्यात गुंतवलं. शेवटी ती हसून म्हणाली, “घ्या बाबा, आय हॅव मिस्ड द लास्ट बस.” सर खूश झाले. वनमालाबाईंनी लगेच लिहून घेतलं. ईरा कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून निघाली आणि तेलीबांधा चौकाच्या अलीकडे ट्रकखाली गेली.

डबा माळ्यावर गेला. सर शाळेपुरतं बोलत, तेवढंच.

गेल्या दिवाळीपासून ते विसरू लागले. आधी किल्ल्या, मग गल्ली, मग ईराचं जाणं. ते विसरले तसा त्यांनी डबा खाली उतरवला आणि ए अक्षरापासून एकेक कार्ड तपासायला घेतलं. कामाला बसले की आता ते शीळ घालत.

“आई, कब तक छुपाओगी?” मुलगा अनिमेष बूट घालता घालता म्हणाला. “एक बार बता दो ना.”

“सांगितलं होतं रे दिवाळीत. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पोट्टी कुठं गेली म्हणून. मी तिले कितीदा मारू?”

अनिमेष नाडी बांधून निघून गेला.

आतून सरांची हाक आली. “अवं, लास्टचं चार नंबर कुठं हाय?”

“तीनच असतील.”

“काहून तीन? एक, मोच्याचं कलबूत, जोड्याचा साचा. मूळ अर्थ पाऊलखूण. दोन, टिकणं. तेही त्याच मुळाचं, पावलामागं पाऊल टाकत जाणं. तीन, मागचा, जसा मागचा आठवडा. अन् शेवटचा? सगळ्यांत उशिरा येणारा, तो? पोराचं नाव विसरीन, कार्डाचा नंबर नाही विसरत मी.” त्यांनी मोबाइल उचलला. “ईराले फोन लावून दे. ती देईल वाक्य.”

“थांबा. मी देते.”

सर चष्म्यावरून पाहू लागले. “तू? तुले इंग्रजी कधी आलं?”

“तीस वर्षं तुमचे कार्डं लिहून राहिली. थोडं तरी आलंच असंन.”

डब्यात दूधवाल्याचं वाक्य होतं, मोच्याचं होतं, हेडमास्तरांची तर तीस-चाळीस. वनमालाबाईंचं एकही नव्हतं. त्यांच्या हे आताच, कोरं कार्ड हातात घेतल्यावर लक्षात आलं. त्यांनी लिहिलं आणि कार्ड पुढे सरकवलं.

सरांनी मोठ्याने वाचलं, “आय ईट लास्ट.” मग विचारलं, “हे बोललेलं हाय?”

“बोलली नाही कधी. रोज करून राहिली.”

सरांनी बाईंच्या हातातून पेन घेतलं आणि स्वतः लिहिलं, वनमाला, स्वयंपाकघर.

“तारीख कोणती टाकू?”

“लग्नाची टाका.”

त्यांनी टाकली. मोबाइल तसाच राहिला, आणि सर पुढच्या शब्दाकडे वळले.

पुढच्या जानेवारीत सर गेले. ओ अक्षर चालू होतं. ईरा बसने येतेय, असंच ते शेवटपर्यंत समजत होते. अनिमेषची बदली बिलासपुरला झाली, तो दर रविवारी फोन करतो. डबा सरांची जुनी विद्यार्थिनी क्षमा शाळेच्या वाचनालयात ठेवायला घेऊन गेली.

ती यायच्या आधी वनमालाबाईंनी पोलक्यातलं कार्ड बाहेर काढलं. घामाने त्याची शाई फुटली होती. त्यांनी ते पदराने पुसलं आणि डब्यात जागेवर लावलं. ईराचं पुढे, आपलं मागे.