बर्फ नको, एवढंच सांगायचं राहिलं

मित्रांनो, मी थर्माकोलचा एक जुना डबा आहे. माझा एक कोपरा उडाला आहे आणि झाकण सुतळीनं बांधलेलं आहे. सध्या माझ्यात लसूण ठेवतात. हसू नका! एके काळी याच पोटातून मी एका पोरीचा जीव घेऊन निघालो होतो.

आमच्या जातीच्या डब्यांत कोणी मासे भरतं, कोणी आइस्क्रीम. पोलिओची ताई बर्फ भरूनच डोस आणते. त्यामुळं असला डबा दिसला की लोकांना बर्फच आठवतो. माझं काम वेगळं होतं. बाळाची नाळ कापली की नाळेत थोडं रक्त उरतं. त्यात मूळ पेशी असतात, म्हणजे नव्या रक्ताचं बियाणंच म्हणा ना! त्या रक्ताची पिशवी मी सांभाळायची. तिला ऊन लागू द्यायचं नाही आणि गारठाही नाही. रक्तपेढीत पोचल्यावर तिथली माणसं त्यात औषध घालून, यंत्रात हळूहळू ते गोठवतात. हे सगळं मला ठाऊक होतं. पण मला मेल्याला तोंड कुठं होतं?

कापसाच्या भावानं माणसं रडवली, त्या वर्षांतला तो मार्च महिना. मी उमरखेडच्या एका दवाखान्यात आलो, तो रंजितासाठी. जवळच्या बंजारा तांड्यावरची ही सहा वर्षांची पोर. तिच्या अंगात रक्त टिकत नसे. दर महिन्याला सुई टोचून दुसऱ्याचं रक्त चढवावं लागे. तिची आई जमनी पुन्हा बाळंत होणार होती. बाळाच्या नाळेचं रक्त जुळलं, तर पोर कायमची बरी होण्याची आशा आहे, असं डॉक्टर भैरवीबाई म्हणाल्या.

रंजिताची आजी रामीबाई मात्र अडून बसली. "नाळ आमी दारात पुरतो. ते कोनाले देत नाही."

"नाळ तुमचीच, आजी. मला फक्त त्यातलं रक्त द्या."

रामीबाईनं नातीच्या पांढऱ्याफटक नखांकडं पाहिलं. "मंग घे माय. पोरीसाठी घे."

मुलगा झाला. त्याचं नाव पुढं प्रेम ठेवलं. डॉक्टरबाईंनी नाळेचं रक्त पिशवीत घेतलं, मला बंद केलं आणि बाळाच्या बापाच्या, रामधनच्या हाती दिलं. "उद्या सकाळपर्यंत नागपूरला पोचवा. तिथं ते गोठवतात, मग वर्षानुवर्षं टिकतं." एवढ्यात दुसऱ्या बाईला कळा सुरू झाल्या आणि त्या धावत आत गेल्या. सूचनांचा कागद माझ्यात होता, पण तो इंग्रजीत.

आर्णीच्या अलीकडं एसटी थांबली. कापसाच्या गाड्या आडव्या लावून रास्ता रोको चालला होता. एक तास गेला, दोन गेले. ऊन मी म्हणत होतं. रामधननं झाकण उघडून पिशवीला हात लावला आणि त्याचा चेहराच उतरला.

"हे तं गरम होऊन राह्यलं! नासलं तं?"

शेजारी गुलाबसिंग नावाचा कुल्फीवाला अडकला होता; रामधननं त्याला रंजिताची सगळी हकिगत सांगितली होती. तो म्हणाला, "पोलिओचा डोस बर्फातच येते ना?"

"मॅडमबी म्हने, गोठवतात."

"मंग? नुसत्या बर्फानं नाही गोठत भाऊ, मीठ लागते. घे. पोरीसाठी आहे." त्या भल्या माणसानं आपला सगळा बर्फ मिठासकट माझ्यात ओतला. त्याची कुल्फी तिथंच वितळली.

अरे, नको रे, नको! मी आतल्या आत ओरडत होतो. पण गारवा धरून ठेवणं हा तर माझा गुण, आणि तोच वैरी झाला. बघता बघता पिशवीचा दगड झाला.

नागपूरच्या रक्तपेढीत सलील नावाच्या तरुणानं झाकण उघडलं. "बर्फ कोणी टाकला?"

"म्याच टाकला, साहेब. लय जपून आनलं. पाहा ना, अजून गोठेलच आहे!" रामधन हसून सांगत होता.

सलीलनं त्याला आधी खाली बसवलं. असं गोठलं की पेशी फुटतात आणि त्यातलं काहीच जिवंत राहत नाही, हे मग सांगितलं. रामधननं मला छातीशी धरलं आणि भर रक्तपेढीत तो मोठमोठ्यानं रडला.

भैरवीबाईंनी दोष कोणावर ढकलला नाही. "चूक माझी. बर्फ नको, हे मी सांगायला हवं होतं." प्रेम मोठा झाला की त्याच्या हाडातल्या मज्जेनंही काम होईल, असं त्या म्हणाल्या. तोवर थांबायचं.

पुढच्या महिन्यात पुन्हा दवाखाना आला. रंजितानं विचारलं, "बा, भाऊ आला ना? मंग मले अजून सुई काहून?"

दुसऱ्या वर्षी, प्रेम चालायला लागला त्याच पोळ्याला, रंजिता गेली.

मित्रांनो, रामधननं जपण्यात काही कसर ठेवली का? मुळीच नाही. म्हणून सांगतो, एखादी गोष्ट जपायला घेतली, तर काय करायचं याबरोबर काय करायचं नाही, हेही विचारून घ्या. लाजू नका. आणि ज्याला ठाऊक आहे त्यानं, समोरच्याला कळलं असेल असं धरून चालू नये. दोन शब्द जास्त सांगावेत.

प्रेम आता शाळेत जातो. ताई तापानं गेली, असं घरच्यांनी त्याला सांगितलं आहे. जन्मताना तो तिच्यासाठी काय घेऊन आला होता, ते त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही.